कामाच्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तव्यावर भाजलेला बिनकाट्याचा मासा

आपल्याकडे मासा म्हटले की डोळ्यांसमोर तुकडी येते. कोळीण माशावर आडवा कोयता चालवते, मधला काटा तसाच राहतो, कडेने कातडी असते आणि या दोहोंनी धरून ठेवलेले मांस मसाल्यात तासभर मुरवले, रव्यात घोळवले, तव्यावर दोन-तीन वेळा उलटले तरी जागचे हलत नाही. फिलेटची गोष्ट निराळी आहे. पाठीच्या काट्याला लागून शेपटीपर्यंत उभी सुरी फिरवून काढलेला तो लांबट तुकडा असतो. त्यात काटा नसतो, पुष्कळदा कातडीही नसते, म्हणजे मांसाला धरून ठेवणारे काहीच उरलेले नसते. बासा तव्यावर मोडला, त्याला पाणी सुटले, पिठाचा थर तव्यालाच राहिला, मासा वातड झाला, अशा ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच असते: फिलेट तुकडीसारखे केलेले असते. फिलेटला मसाला कमी लागतो, वेळ त्याहून कमी लागतो आणि काळजी मात्र एकाच गोष्टीची घ्यावी लागते, ती म्हणजे पाण्याची. तव्यात पडताना मासा कोरडा असेल तर पुढचे काम सोपे आहे.

कामावरून आल्यावर रात्रीच्या जेवणासाठी याच्यासारखा दुसरा पदार्थ मला माहीत नाही. कुकर लावल्यापासून ताट वाढेपर्यंत अर्धा तास पुरतो आणि त्यातली तव्यासमोर उभे राहण्याची मिनिटे फार तर दहा असतात. काटे निवडायचे नसल्यामुळे मुले आणि घरातली वयस्कर माणसे निर्धास्तपणे जेवतात, हा फायदा मला चवीइतकाच मोलाचा वाटतो.

कोणता मासा घ्यावा

या पद्धतीसाठी सौम्य चवीचा, कमी तेलकट, पांढऱ्या मांसाचा मासा हवा. आपल्या किनाऱ्यावरच्या माशांत माझी पहिली पसंती जिताड्याला आहे. रायगडात अलिबाग-पेणच्या बाजूला ज्याचे फार कौतुक आहे तो हा मासा गोव्यात चोणक म्हणून ओळखला जातो आणि बंगालमध्ये भेटकी म्हणून. कोलकात्याची प्रसिद्ध फिश फ्राय याच भेटकीच्या फिलेटची असते. त्याचे मांस घट्ट, पाकळ्या मोठ्या आणि चव गोडसर असते, शिवाय तो तव्यावर सहसा मोडत नाही. दुसरा रावस. इंग्रजीत त्याला भारतीय सामन म्हणतात, पण सामनशी त्याचे काही नाते नाही. त्याचे मांस किंचित गुलाबी छटेचे असले तरी शिजल्यावर पांढरेशुभ्र होते. घोळ मिळाली तर तीही उत्तम, फक्त तिचे तुकडे जाड निघतात आणि त्यांना मिनिटभर जास्त द्यावे लागते. पापलेटचे मांसही असेच सौम्य असते आणि 2023 मध्ये त्याला महाराष्ट्राच्या राज्यमाशाचा मान मिळाला, तरी त्याचे फिलेट फार पातळ निघते. तो अख्खाच तळावा, त्याची फाळणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सुरमई आणि बांगडा चवीने व तेलाने दमदार, त्यांची रीत वेगळी.

बाजारात अख्खा मासा घेऊन कोळणीला मधला काटा बाजूला करून लांब फाका काढून द्यायला सांगावे. रोजची ओळख असेल तर ती आनंदाने देते, आणि तिच्या हाताची सफाई घरच्या सुरीला येत नाही. अख्ख्या माशाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी वजनाचे फिलेट हाती येते, हे लक्षात ठेवून मासा घ्यावा. उरलेले डोके आणि काटा पिशवीत मागून घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशीच्या कालवणाला त्याच्याइतका गोड रस दुसऱ्या कशाने येत नाही. कापलेलेच फिलेट घ्यायचे असेल तर बोटाने दाबून पाहावे: खळगा लगेच भरून आला पाहिजे. मांसाच्या पाकळ्या एकमेकींपासून सुटलेल्या दिसत असतील, कडा पिवळट पडल्या असतील किंवा नाकाला नवसागरासारखा झणका लागत असेल तर तो मासा सोडून द्यावा. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, माशाचा नव्हे.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत, तसेच समुद्रापासून दूरच्या गावांत वर्षभर, आधार असतो तो गोठवलेल्या बाशाचा. बासा हा व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या मुखाकडे मोठ्या प्रमाणावर पाळला जाणारा गोड्या पाण्यातला मासा. त्याच कुळातला मासा आता आंध्र प्रदेशातल्या तळ्यांतही भरपूर पाळतात. बाशाला नावे ठेवण्याची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. त्याला स्वतःची चव थोडी आहे हे खरे, पण नीट कोरडा करून भाजला तर तो लसूण, लिंबू, कोथिंबीर यांची चव सुरेख उचलतो आणि खिशाला झेपतो. परदेशात राहणाऱ्यांना कॉड, हॅडॉक किंवा चिलापी म्हणजेच तिलापिया सहज मिळतो. त्यांतल्या कॉडमध्ये पाण्याचा अंश बराच असतो आणि त्याच्या पाकळ्या पटकन सुटतात, म्हणून पुढे सांगितलेली मिठाची पायरी कॉडसाठी तर मुळीच गाळू नये.

गोठवलेला मासा वितळवताना

गोठवलेल्या फिलेटवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवलेला असतो, शिवाय बऱ्याच कारखान्यांत मांसात पाणी धरून राहावे म्हणून फॉस्फेटच्या क्षारांचा वापर होतो. हे सगळे पाणी वितळताना बाहेर पडते, आणि घाईने वितळवलेल्या माशातून ते तव्यावर बाहेर पडते. मागच्या पावसाळ्यात एका दुकानातून आणलेले पाकीट मी संध्याकाळी ओट्यावर तासभर ठेवून तसेच वापरले. बाहेरून मऊ लागणारे फिलेट आतून अजून बर्फाळ होते, आणि तव्यात टाकल्यावर मिनिटभरातच इतके पाणी सुटले की मासा भाजण्याऐवजी त्या पांढुरक्या पाण्यात उकडत राहिला. त्या रात्री ते तुकडे नारळाच्या रसात सोडून कालवण करावे लागले.

तेव्हा सकाळी कामाला निघताना, किंवा आदल्या रात्री, फिलेट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावे. ते ताटात नुसते न ठेवता खाली पाणी झिरपेल अशा जाळीवर किंवा चाळणीत ठेवले तर ते स्वतःच्याच पाण्यात पडून राहत नाही. मासा हवाबंद, निर्वात पाकिटातला असेल तर फ्रीजमध्ये ठेवण्याआधी पाकीट फोडावे. हवा नसलेल्या जागी वाढणारे काही जंतू घातक विष तयार करतात आणि थंडाव्यातही त्यांची वाढ पुरती थांबत नाही. विसरलात, तर फिलेट घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून अर्धा तास थंड पाण्यात बुडवावे आणि वितळल्याबरोबर शिजवावे. गरम पाणी वापरू नये, कारण त्याने कडा शिजू लागतात आणि मध्यभाग गोठलेलाच राहतो.

मीठ, आणि त्यानंतरची पंधरा मिनिटे

दोन माणसांसाठी प्रत्येकी 150 ते 180 ग्रॅमची दोन फिलेटे घ्यावीत, जाडी दीड ते दोन सेंटिमीटर. यांच्याबरोबर मीठ, पाव छोटा चमचा हळद, दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल, एक मोठा चमचा लोणी, चार-पाच लसणीच्या पाकळ्या, एक हिरवी मिरची, अर्धे लिंबू आणि मूठभर कोथिंबीर एवढेच सामान लागते.

घरी आल्याबरोबर पहिले काम माशाला मीठ लावण्याचे, हातपाय धुणे त्यानंतर. फिलेट धुवायचे असेल तर वाहत्या थंड पाण्याखाली एकदा झटकन धुवावे, पाण्यात बुडवून ठेवू नये; मासा पाणी पितो आणि चव सोडतो. मग मऊ सुती फडक्याने किंवा कागदी रुमालाने टिपून घ्यावे आणि तर्जनी उलट्या दिशेने, म्हणजे शेपटीकडून डोक्याकडे, मधल्या रेषेवरून फिरवावी. जिताड्याच्या पुढच्या जाड भागात सुईसारखे बारीक काटे राहिलेले असतात. ते बोटाला टोचतात आणि चिमट्याने धरून, ज्या दिशेला झुकलेले असतील त्याच दिशेने ओढले की मांस न फाटता निघतात.

यानंतर दोन्ही बाजूंना सारखे मीठ भुरभुरावे. माशाच्या वजनाच्या शंभरावा हिस्सा मीठ हे प्रमाण मला नेमके वाटते. साडेतीनशे ग्रॅम माशाला ते सपाट अर्ध्या छोट्या चमच्याहून किंचित जास्त होते. पंधरा मिनिटांत दोन गोष्टी घडतात. वरच्या थरातले पाणी बाहेर येते, ते पुसून टाकता येते. आणि मिठाने वरच्या प्रथिनांची रचना किंचित सैल होऊन मांस आतला रस धरून ठेवू लागते, त्यामुळे तव्यावर जो पांढरा फेसासारखा साका बाहेर येतो तो कमी येतो आणि पाकळ्याही कमी सुटतात. अर्ध्या तासापेक्षा जास्त मात्र ठेवू नये, नाहीतर पातळ फिलेट खारवलेल्या माशासारखे लागायला लागते. या पंधरा मिनिटांत तांदूळ धुऊन कुकर लावावा, लसूण बारीक चिरावी, मिरची आणि कोथिंबीर चिरून ठेवावी, काकडीची कोशिंबीर करायची असेल तर तीही आत्ताच. मासा तव्यावर गेल्यावर दुसऱ्या कामाला हात मोकळा नसतो.

आता एका सवयीबद्दल सांगणे भाग आहे. माशाला लिंबू किंवा कोकमाचे आगळ लावून ठेवण्याची आपली रीत चांगली आहे आणि तिला कारणही आहे. समुद्राच्या माशाला शिळेपणाचा जो वास येतो तो ज्या द्रव्यामुळे येतो ते आम्लाशी बांधले जाऊन उडायचे थांबते. तुकडीला ही रीत मानवते. सौम्य चवीच्या फिलेटला ती मानवत नाही, कारण आंबट पदार्थ वरच्या मांसाला न शिजवताच शिजवल्यासारखे करतो: ते दुधी, भुसभुशीत होते, त्यातून पुन्हा पाणी सुटते आणि तव्यावर ते खरपूस होण्याऐवजी खडूसारखे कोरडे पडते. ताज्या जिताड्याला वासच नसतो, आणि वास येत असेल तर तो मासा फिलेट म्हणून भाजण्याजोगा नाही. आंबटपणा हवाच, पण तो शेवटी, मासा तव्यावरून उतरल्यावर.

आले-लसूण-मिरचीचे ओले वाटण लावण्याबाबतही हेच म्हणेन. वाटणात पाणी असते, लसूण माशाच्या आधी जळते आणि जळलेल्या लसणीचा कडवटपणा नाजूक माशाला झाकून टाकतो. वाटण तुकडीसाठी राखावे.

पीठ लावावे का

कातडी असलेल्या फिलेटला कातडीच्या बाजूने काहीही लावण्याची गरज नाही. बिनकातडीच्या फिलेटला, विशेषतः बाशाला, तांदळाच्या पिठाचा पातळ थर फार उपयोगी पडतो. उरलासुरला ओलावा तो शोषून घेतो, मांस आणि तवा यांच्यात पडदा उभा करतो आणि कुरकुरीतपणा देतो. रवा मला इथे आवडत नाही. रव्याचे दाणे जाड असतात, त्यांना खुसखुशीत व्हायला तेल आणि वेळ दोन्ही जास्त लागते, आणि तोवर आतला मासा गरजेपेक्षा जास्त शिजतो. रव्याची सवय मोडवत नसेल तर दोन वाटे पिठात एक वाटा बारीक रवा मिसळावा. पिठात हळद आणि, हवा असेल तर, अर्धा छोटा चमचा मालवणी किंवा आगरी मसाला कालवावा. त्याहून जास्त मसाला तव्यावर काळा पडतो. मासा हळदीने पिवळा व्हावा, लाल होऊ नये.

पीठ लावण्याआधी फिलेट पुन्हा एकदा टिपून घ्यावे. मीठ लावल्यावर वर चकाकणारे बारीक थेंब आलेले असतात, ते सगळे गेले पाहिजेत. फडके दाबून उचलले की ते ओले होता कामा नये इतपत. शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडून घ्यावा म्हणजे जाडी सगळीकडे सारखी होते आणि शेपटीचे टोक जळत नाही. पीठ अगदी शेवटी, तेल तापल्यावर लावावे आणि जास्तीचे झटकून टाकावे, कारण आधी लावून ठेवलेले पीठ ओलावा शोषून चिकट लापशी होते आणि तव्यालाच बसते.

तव्यावर

बिडाचा किंवा लोखंडी तवा तेल खाऊन काळाभोर, गुळगुळीत झालेला असेल तर तो सर्वांत उत्तम. त्यात उष्णता साठून राहते आणि थंड मासा पडला तरी तवा गार होत नाही. तसा तवा नसेल तर पसरट नॉनस्टिक चालेल, मात्र तो रिकामा असताना मोठ्या आचेवर तापत ठेवू नये, कारण साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो. स्टीलच्या भांड्यात नवख्याने फिलेट करू नये. तेल शेंगदाण्याचे घ्यावे. खोबरेल तेलाचा स्वाद कोकणी जिभेला हवासा वाटतो, पण घाण्याचे खोबरेल लवकर धुरकटते, म्हणून ते घ्यायचेच झाले तर आच मध्यम ठेवावी. लोणी सुरुवातीला घालू नये. त्यातला दुधाचा अंश मासा होण्याआधीच करपतो.

तवा मध्यमहून थोड्या मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे तापवून मग तेल घालावे. तेल पाण्यासारखे सैल होऊन त्यावर लाटा हलताना दिसल्या, आणि पिठाची चिमूट टाकल्यावर ती लगेच फसफसली, की वेळ झाली. फिलेटची जी बाजू काट्याला लागून होती ती दिसायला देखणी असते, ती आधी खाली जाते. कातडी असेल तर कातडी खाली. फिलेट आपल्याकडच्या कडेपासून पलीकडे आडवे निजवावे म्हणजे उडणारे तेल अंगावर येत नाही. दोन फिलेटांत दोन बोटांचे अंतर हवे. चार माणसांचा मासा एका वेळी तव्यावर दाटीने बसवला तर तवा गार होतो आणि आपण पुन्हा त्याच पाण्यात येऊन पडतो. दोन खेपा कराव्यात.

कातडीच्या फिलेटला पहिल्या पंधरा सेकंदांत उलथण्याने अलगद दाबून धरावे, कारण उष्णतेने कातडी आखडते आणि फिलेट नावेसारखे वर वाकते. त्यानंतर हात मागे घ्यावा.

या टप्प्यावर मासा हलवण्याची, कड उचलून पाहण्याची, तवा फिरवण्याची ओढ अनावर होते, आणि सगळे नुकसान इथेच होते. ओल्या, अर्धकच्च्या मांसातली प्रथिने धातूला धरतात. तेव्हा ओढले तर मासा फाटतो. खालचा थर पुरेसा भाजून सुकला की तो आपण होऊन तवा सोडतो. माझी आई म्हणायची, "माशाला हात लावू नकोस, तो तयार झाला की सांगेल," आणि तो खरोखरच सांगतो, फक्त ऐकावे लागते. मासा पडताना मोठा, ओला चर्र आवाज येतो. तो पाण्याच्या वाफेचा आवाज असतो. दीडेक मिनिटाने तो खाली उतरतो आणि मग बारीक, कोरडा, पापड तळताना शेवटी येतो तसा तडतड आवाज राहतो. बाजूने पाहिले तर खालून वर पांढरेपणा चढताना दिसतो: आधी तळाशी सुतासारखी रेघ, मग कडेचा अर्धा भाग, मग पाऊण. वरचा पाव भाग अजून काचेसारखा असतो, कडा सोनेरी होऊन किंचित वर उचलल्या जातात. दीड सेंटिमीटरच्या बाशाला हे सारे तीन मिनिटांत होते, दोन सेंटिमीटरच्या जिताड्याला चार मिनिटांत.

पातळ पात्याचे रुंद उलथणे तव्याला घासून खाली सरकवावे. अडले तर अर्धे मिनिट थांबावे, जोर लावू नये. सुटल्यावर दुसऱ्या हाताने चमच्याचा आधार देऊन फिलेट एकाच हालचालीत उलटावे, आणि ते एकदाच. दुसऱ्या बाजूला फक्त एक ते दोन मिनिटे लागतात, कारण तोवर तीन हिस्से मासा शिजलेला असतो. दोन्ही बाजूंना सारखा वेळ देण्याच्या सवयीनेच फिलेट वातड होते.

शिजला की नाही हे पाहण्यासाठी पातळ सुरीचे टोक सर्वांत जाड जागी खुपसावे. ते लोण्यात जावे तसे आत गेले, आणि अलगद वळवल्यावर पाकळ्या सुट्या झाल्या, की मासा झाला. माशाच्या स्नायूंचे तंतू आखूड असतात आणि ते पातळ पडद्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. हे पडदे मटणाच्या मानाने फारच कमी उष्णतेत विरघळतात, म्हणून मासा इतक्या लवकर मऊ होतो आणि इतक्याच लवकर पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतो. तापमापक असेल तर मध्यभागी 63 अंश सेल्सिअस हे सुरक्षित माप मानले जाते. आच बंद केल्यावरही आतली उष्णता मध्यभागाकडे सरकत राहते, त्यामुळे मधोमध काचेसारखी नखभर रेघ दिसत असतानाच मी तवा उतरवते आणि मासा ताटलीत मिनिटभर तसाच ठेवते. तेवढ्यात ती रेघ जाते. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस जेवणार असेल तर मात्र रेघ तव्यावरच जाऊ द्यावी.

त्याच तव्यातला रस

मासा काढल्यावर तव्याला जे तांबूस खरपूस कण चिकटून राहतात त्यांत माशाची सारी चव असते. ती बेसिनमध्ये घालवू नये. जळालेले काळे पीठ असेल तर तेवढे कागदाने पुसून काढावे, आच मंद करावी, लोणी घालावे आणि ते फेसाळले की लसूण टाकावी. लसूण फिकट सोनेरी होईपर्यंत, म्हणजे जेमतेम अर्धे मिनिट, परतून त्यात मिरची आणि दोन मोठे चमचे पाणी घालून तवा उलथण्याने खरवडावा. मिश्रण एकजीव होऊन किंचित दाट दिसले की आच बंद करून मग लिंबू पिळावे आणि कोथिंबीर घालावी. आच चालू असताना पिळलेले लिंबू कडवटते. हा रस माशाखाली वाढावा, त्यावर ओतू नये; वर ओतला तर मघाशी कष्टाने मिळवलेला कुरकुरीतपणा मिनिटभरात मऊ पडतो.

भाताबरोबर थोडा पातळ रस हवा असेल तर लोण्याऐवजी चमचाभर तेलात लसूण, कढीपत्त्याची सात-आठ पाने आणि मिरची परतून अर्धी वाटी नारळाचे घट्ट दूध घालावे. ते कडेने नुसते थरथरू द्यावे, खळखळ उकळू देऊ नये, नाहीतर दूध फाटते. खाली उतरवल्यावर छोटा चमचाभर आगळ मिसळावे. रस फिकट गुलाबी होतो. आगळात मीठ असते, म्हणून चव घेतल्याशिवाय वरून मीठ घालू नये. जिताडा आणि हा रस आमच्या घरी सोलकढीची गरज भागवतो.

मासा तव्यावरून थेट ताटात गेला पाहिजे, म्हणून कुकरची वाफ जिरल्यावर, ताटे मांडल्यावर आणि सगळ्यांना हाक मारल्यावरच तवा तापवावा. भाजलेले फिलेट झाकून ठेवू नये. वाफ कोंडून वरचा थर ओला होतो.

एखादे फिलेट उरलेच तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संपवावे. ते पुन्हा तव्यावर गरम करण्यात अर्थ नाही, कोरडे पडते. पाकळ्या हाताने सुट्या कराव्यात, बारीक चिरलेला कांदा तेलावर गुलाबी परतावा, त्यात टोमॅटो, हळद, थोडे तिखट आणि कोथिंबीर घालून मऊ झाल्यावर शेवटच्या मिनिटाला मासा मिसळावा. गरम पोळीत गुंडाळून तो डब्यात नेता येतो.